षट्कोनी गजाचा विनियोग

उमेदवारीच्या काळात फिटरच्या विद्यार्थ्याकडून जी कामे शिरस्त्याप्रमाणे करवून घेतली जातात, त्यांत गोल गजाचा षट्कोन कानशीने घडविण्याचे काम बहुतेकांच्या स्मरणात राहते. आणि माझ्या स्मरणात ते अधिक राहिले याचे कारण असे की, २५ मिलिमीटर व्यासाच्या तुकड्यावर दीड दिवस कानस चालवून आणि प्रत्येक पैलू कोनमापकाने पारखून घेतल्यावरही, सहावा पैलू जेव्हा पहिल्यापाशी येऊन ठेपला, तेव्हा त्या दोहोंमधला कोन १२० अंशांचा न भरता जवळजवळ दोन अंशांनी उणा भरला. आधीच्या पाच कोनांत थोडीथोडी वाटली गेलेली चूक सहाव्याच्या पदरात एकदम पडली होती. पुढे पोलादाच्या दुकानातून तयार षट्कोनी गज मी प्रथम विकत आणला, तेव्हा त्याच्या भावात गोल गजापेक्षा जे चार पैसे अधिक पडले ते कशाचे, हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

षट्कोनी गज म्हणजे सहा ठिकाणी अगोदरच करून ठेवलेले काम होय. समोरासमोरचे पैलू समांतर, शेजारचे पैलू नेमक्या कोनात, आणि पृष्ठभाग पान्याला ताबडतोब देता येईल इतका नितळ, एवढी मजुरी त्या गजात भरलेली असते. ती मजुरी तयार वस्तूत किंवा निदान वस्तू घडविण्याच्या ओघात जिथे कामी येते, तिथे हा गज स्वस्त पडतो. आणि जिथे ती लेथवर कातून कचऱ्याच्या डब्यात टाकावी लागते, तिथे तो महाग पडतो. या एका कसोटीला धरूनच लहान कारखानदाराने, शेती-अवजारांच्या दुरुस्तीवाल्याने आणि घरच्या घरी हुन्नर करणाऱ्या हौशी कारागिराने या गजाचा विचार करावा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

माप, वजन आणि जात

दुकानात या गजाला ‘हेक्स’ म्हणतात, आणि ‘एकोणीसचा हेक्स’ मागितला असता समोरासमोरच्या दोन पैलूंमधले अंतर १९ मिलिमीटर असलेला गज मिळतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर याच्या सुमारे १.१५५ पट, म्हणजे एकोणीसच्या हेक्सचे जवळजवळ २२ मिलिमीटर असते. हे दुसरे माप दुकानदार सांगत नाही, परंतु लेथच्या पोकळ स्पिंडलमधून गज जाईल की नाही हे तेच ठरविते. मेट्रिक पान्यावरचा आकडा आणि गजाचा आकडा एकच असल्यामुळे पाना हेच या गजाचे मोजमाप समजावयास हरकत नाही. ज्यांचा हात जुन्या व्हिटवर्थ पान्यांवर बसला आहे त्यांनी मात्र सावध असावे, कारण त्या पान्यांवर बोल्टच्या व्यासाचा आकडा ठोकलेला असे, पैलूंमधल्या अंतराचा नव्हे.

वजनाचा हिशेब तोंडी करता येतो. गोल पोलादी गजाच्या व्यासाचा वर्ग करून त्याला १६२ने भागले की एका मीटरचे वजन किलोग्रॅममध्ये निघते, हा ठोकताळा गवंड्यापासून वजनकाट्यावरच्या कारकुनापर्यंत सर्वांना ठाऊक आहे. षट्कोनी गजासाठी त्याच रीतीने पैलूंमधल्या अंतराचा वर्ग करून १४७ने भागावे. एकोणीसचा वर्ग ३६१, त्याला १४७ने भागले की २.४५६, म्हणजे मीटरमागे जवळजवळ अडीच किलो. पितळ अधिक जड असल्यामुळे तिथे भाजक १३६ धरावा. वजनावर विकला जाणारा जिन्नस घेताना हा हिशेब मनात तयार असला म्हणजे काट्याशी हुज्जत घालण्याचा प्रसंग येत नाही.

कोणते माप घ्यावे हे आट्यांवरून ठरते. एम ६ला १०, एम ८ला १३ आणि एम १६ला २४ ही मापे सर्वत्र चालतात. परंतु एम १० आणि एम १२ या दोन बाबतींत जुने प्रमाण १७ व १९ असून आंतरराष्ट्रीय प्रमाण १६ व १८ आहे, आणि दोन्ही प्रकारचा माल बाजारात नांदतो. आपली वस्तू ज्याच्या हाती जाणार आहे, त्याच्या पेटीत कोणते पाने आहेत याची चौकशी करून मगच गज घ्यावा.

आता जात. आपल्याकडच्या दुकानांत पोलादाचे जे षट्कोनी गज सहज मिळतात, ते बहुधा थंड अवस्थेत साच्यातून ओढून काढलेले, चकचकीत पृष्ठभागाचे, म्हणजे ‘ब्राइट बार’ असतात. यांचे माप नेहमी उण्याकडे असते: सतराचा गज १७पेक्षा मोठा कधीच भरत नाही, आणि शिरस्त्याच्या सुटीत तो १६.८९पर्यंत उतरू शकतो. ईएन १ए या जातीत गंधक मुद्दाम वाढविलेले असते, त्यामुळे तिचा चुरा तुटक पडतो, आटे स्वच्छ येतात आणि हत्याराची धार टिकते. तथापि तेच गंधक झाळकामात वैरी ठरते, सांधा तापलेला असतानाच तडकतो, म्हणून ज्या वस्तूला पुढे वेल्डिंग करावयाचे आहे तिच्यासाठी ही जात घेऊ नये. ताण सोसावा लागणाऱ्या कामाला ईएन ८ ही मध्यम कार्बनची जात घ्यावी. कातण्याच्या पितळात सुमारे तीन टक्के शिसे असते; त्यामुळे ते लोण्यासारखे कातले जाते खरे, परंतु पिण्याच्या पाण्याशी संबंध येणाऱ्या जोडांना कमी शिशाचे पितळ शोधावे. स्टेनलेसमध्ये ३०३ कातण्यास सोपे आणि ३०४ गंजाला अधिक दाद न देणारे, एवढा भेद लहान कारखान्याला पुरतो.

चकात धरताना

तीन जबड्यांचा चक सहाच्या आकड्याला अनुकूल आहे, कारण सहा पैलूंपैकी एकाआड एक असे तीन पैलू तीन जबड्यांवर सपाट बसतात आणि गज आपोआप मध्यावर येतो. चार जबड्यांच्या चकात हे जमत नाही. दोन जबडे पैलूंवर बसले की उरलेले दोन कोपऱ्यांवर येतात. पितळी किंवा तयार पृष्ठभागाच्या गजावर जबड्यांचे वळ उठू नयेत म्हणून मध्ये पातळ तांब्याच्या पट्ट्या घालाव्यात.

गोल गज कातताना हत्यार अखंड चालते. षट्कोनी गजाच्या पहिल्या कापात मात्र ते एका फेऱ्यात सहा वेळा लोखंडाला भिडते आणि सहा वेळा हवेत सुटते, आणि ही ठोकर कार्बाइडच्या ठिसूळ टोकाला मानवत नाही. पहिला काप हायस्पीड पोलादाच्या हत्याराने, बेताच्या वेगाने आणि कोपऱ्यांच्या खाली एकदम उतरेल इतक्या खोलीचा घ्यावा, म्हणजे कोपरे खरवडत बसण्याची पाळी येत नाही. वेगाचा हिशेब करताना पैलूंमधले अंतर न धरता कोपऱ्यांमधले धरावे: एकोणीसच्या हेक्सला मिनिटाला २५ मीटरचा कर्तनवेग हवा असेल तर २२ मिलिमीटर व्यास धरून मिनिटाला सुमारे ३६० फेरे येतात.

आणि येथे एक इशारा देणे कर्तव्य आहे. फिरणारा गोल गज बोटाला घासतो, परंतु फिरणारा षट्कोनी गज बोटाला मारतो. वेगात असताना त्याचे कोपरे डोळ्यांना दिसत नाहीत आणि तो गोलच आहे असा भास होतो. त्याच्यावर चालत्या लेथवर कानस लावू नये, पॉलिश कागद हातात धरून टेकवू नये, सैल बाह्यांनी वाकू नये. स्पिंडलच्या मागे गजाचा लांब भाग मोकळा सोडल्यास तो चाबकासारखा वाकून फिरू लागतो. त्या भागाला आधाराच्या नळीची तजवीज केल्यावाचून यंत्र सुरू करू नये.

आट्यांची कामे

या गजाचा सर्वांत मोठा खप अर्थातच आट्यांच्या कामात आहे. पुणे, भोसरी, नाशिक येथील लहान शेडमध्ये जी ‘ट्रॉब’ नावाची आपोआप कातणारी यंत्रे रात्रंदिवस चालतात, त्यांच्या पोटातून गज पुढे सरकत जातो आणि टोकाकडून नट, निपल, प्लग व जोड तुटून पडत राहतात. पितळी भागांच्या बाबतीत गुजरातेतील जामनगरने हा धंदा आपल्या नावावरच करून घेतला आहे. तेलाच्या दाबाच्या नळ्यांचे जोड, गॅसचे नोझल, फवारणी पंपाचे तोंड, ग्रीस भरण्याचे निपल या सर्वांची रचना एकच: दोन्ही टोके कातून गोल केलेली व आटे पाडलेली, आणि मधला एक पट्टा षट्कोनी ठेवलेला, की ज्याला पाना लागावा. हा पट्टा पान्याच्या जबड्याच्या जाडीपेक्षा अरुंद ठेवू नये. तो अरुंद राहिला की पाना निसटतो, कोपरे झिजतात, आणि सुबक दिसणारा जोड दुसऱ्या खेपेस पाइप रिंचनेच सोडवावा लागतो.

लहान कारखान्यात या प्रकारचे सर्वांत उपयुक्त काम म्हणजे लांब नट, ज्याने दोन आट्यांच्या सळया एकमेकींना जोडतात. एम १२च्या सळयांसाठी एकोणीसच्या हेक्सचा ३६ मिलिमीटर, म्हणजे आट्याच्या व्यासाच्या तिप्पट लांबीचा तुकडा घ्यावा. दोन्ही तोंडे कातून सपाट करावीत आणि कोपरे ३० अंशांच्या उताराने मोडावेत. प्रत्येक पैलूच्या टोकाशी जी सुंदर कमान उमटते ती या उतारामुळेच, आणि तिच्यामुळे पाना चढताना अडत नाही. मग सेंटर ड्रिलने खूण करून १०.२ मिलिमीटरचे भोक आरपार पाडावे, आणि टॅप एकाच तोंडाकडून घालून दुसरीकडे काढावा. दोन्ही तोंडांकडून अर्धे अर्धे आटे पाडण्याचा मोह होतो, परंतु मध्यावर ते दोन आटे एकमेकांशी जुळत नाहीत आणि सळई तिथे अडून बसते. शेवटी एका पैलूच्या बरोबर मध्यावर तीन मिलिमीटरचे आरपार जाणारे डोळसे भोक पाडून ठेवावे. दोन्ही सळया पुरेशा आत आल्या आहेत की नाहीत हे त्यातून दिसते, आणि छताला टांगलेल्या ओझ्याच्या बाबतीत या एका भोकाने मोठी जोखीम टळते. गोल नटावर हे भोक पाडताना ड्रिल घसरते. पैलूवर ते जिथे टेकविले तिथेच उभे राहते.

विजेच्या पेट्यांत पत्रा आणि पट्टी यांच्यामध्ये अंतर राखणारे पितळी खांब याच जातीचे. साडेपाचचा पितळी हेक्स, दोन्ही टोकांना एम ३चे आटे, आणि शेजारी दुसरा खांब असतानाही अरुंद जागेत पाना शिरू शकतो. गोल खांबाला पक्कडच लावावी लागते आणि पक्कड पितळावर कायमची खूण ठेवून जाते.

किल्लीची आणि खिळून राहण्याची कामे

गज स्वतःच पाना होऊ शकतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. काही मोटारींच्या गिअरपेटीतील तेलाच्या बुचाला बाहेरून षट्कोन नसून आत १७ मिलिमीटरची षट्कोनी खाच असते, आणि तिची खास किल्ली गावात मिळत नाही. सतराच्या ब्राइट हेक्सचा ४० मिलिमीटर तुकडा कापून त्याची दोन्ही टोके कानशीने किंचित मोडली की एक टोक खाचेत आणि दुसऱ्या टोकावर सतराचा रिंग पाना, एवढ्यात काम होते. गजाचे माप उण्याकडे असते असे जे वर सांगितले, त्याचा फायदा नेमका येथे मिळतो. बूच फार जाम असेल तर हा तुकडा ईएन ८चा असावा, नाहीतर कोपरे पिळवटतात.

याच्या उलट उपयोग म्हणजे न फिरू देण्याचा. माल सरकविणाऱ्या रोलरच्या पट्ट्यात रोलर फिरतो, पण त्याचा कणा फिरता कामा नये. म्हणून अकराच्या हेक्सचा कणा वापरून चौकटीच्या पत्र्यात षट्कोनी भोके पाडतात, आणि चावीची खाच, पिन किंवा नट यांपैकी कशाचीही गरज उरत नाही.

विभाजक ठोकळा

ज्याच्याकडे मिलिंग यंत्राचे विभाजक डोके नाही, त्याला गोल वस्तूवर सहा भोके समान अंतराने पाडावयाची असल्यास हा गज विलक्षण उपयोगी पडतो. तीसच्या हेक्सचा ६० मिलिमीटर लांबीचा तुकडा घ्यावा, तीन जबड्यांच्या चकात धरून त्याच्या मध्यातून १६ मिलिमीटरचे भोक पाडावे आणि शक्य तर रीमरने साफ करावे. त्यानंतर सहाही पैलूंपासून भोकाच्या कडेपर्यंतची जाडी मोजून पाहावी. हिशेबाने ती ७ मिलिमीटर यावी, आणि सर्व बाजूंनी सारखी यावी. ती सारखी नसेल तर कोन बरोबर येतील, परंतु भोके अक्षापासून एका अंगाला सरकतील. एका पैलूत ५ मिलिमीटरचे भोक पाडून एम ६चे आटे घ्यावेत आणि त्यात सहा मिलिमीटर लांबीचा बिनडोक्याचा स्क्रू बसवावा. तो घट्ट केल्यावर पैलूच्या आतच राहतो, म्हणून तो पैलू शेगड्याच्या जबड्याकडे आला तरी अडचण होत नाही. पैलूंवर पंचने एक ते सहा टिंबे ठोकावीत.

आता १६ मिलिमीटरची गोल वस्तू ठोकळ्यात सारून, जिथे भोक हवे ते टोक बाहेर ठेवून, स्क्रूने पक्की करावी. ठोकळा ड्रिल यंत्रावरच्या शेगड्यात धरून ड्रिल वस्तूच्या अक्षावर आणावे, शेगडा टेबलाला बोल्टने आवळून टाकावा, आणि ठोकळ्याच्या शेवटाला एक अटकाव लावावा. पहिले भोक पाडले, की शेगड्याचा जबडा सैल करून ठोकळा पुढच्या टिंबावर फिरवावा आणि अटकावाला टेकवून पुन्हा आवळावा. एकाआड एक टिंब घेतले तर तीन भोके, समोरासमोरची घेतली तर दोन. चार भोकांना हा ठोकळा निरुपयोगी आहे, कारण ९० अंश हे ६०च्या पटीत येत नाहीत. त्यासाठी चौकोनी गजाचा दुसरा ठोकळा करावा. माझ्या पाहण्यात असा एक ठोकळा आहे की ज्याचे पैलू हाताळून काळवंडले, टिंबे झिजून पुन्हा ठोकावी लागली, पण कोन मात्र पहिल्या दिवशी होते तेच राहिले आहेत. कानशीने घडविलेल्या माझ्या षट्कोनाला तो मान कधीच मिळाला नसता.

छिन्नी आणि पहार

छिन्नी-पहारीसारख्या घावाच्या हत्यारांना षट्कोन मानवतो, कारण असे हत्यार मुठीत फिरत नाही आणि बाकावरून गडगडत खाली पडत नाही. परंतु यासाठी ब्राइट बार घेऊ नये. त्या मऊ पोलादाला कितीही पाणी दिले तरी धार धरत नाही. ०.७ ते ०.९ टक्के कार्बनचे हत्यारी पोलाद घ्यावे, टोक चुंबक चिकटेनासा होईपर्यंत तापवून विझवावे, मग घासून उजळ करून पुन्हा मंद तापवावे आणि जांभळा रंग धारेपर्यंत उतरला की थांबावे. डोक्याकडचे टोक मुद्दाम मऊ ठेवावे, म्हणजे हातोडीच्या घावाने कपची उडत नाही.

दख्खनच्या काळ्या पाषाणात विहिरी खोदताना जॅकहॅमरला जी सळई लावतात, तीही षट्कोनीच, बहुधा बावीसची, आणि तिच्या पोटातून हवा जाण्यासाठी भोक असते. टोक झिजून बाद झालेल्या अशा सळया लोहाराच्या हाती गेल्या तर त्यांचे उत्तम पोलाद वाया जात नाही. मात्र पोटातले भोक ध्यानात ठेवून, जिथे ठोस पोलादाचीच गरज आहे अशा कामाला त्या लावू नयेत.

कोठे वापरू नये

आता उलट बाजू. डोके तेवढे षट्कोनी आणि दांडा लांब व बारीक अशी वस्तू या गजातून कातणे हा शुद्ध अपव्यय होय. एकोणीसच्या हेक्सचे क्षेत्र सुमारे ३१३ चौरस मिलिमीटर आणि १० मिलिमीटरच्या दांड्याचे सुमारे ७९. म्हणजे विकत घेतलेल्या दर चार किलोंपैकी तीन किलो चुरा होऊन भंगारात जाणार. अशा वेळी गोल गज घेऊन त्याच्या टोकावर नट चढवावा आणि पिन मारून किंवा झाळून पक्का करावा. वेगाने उघड्यावर फिरणाऱ्या कण्यालाही हा गज योग्य नाही; त्याचे कोपरे कपडा धरतात आणि बेअरिंगसाठी अखेर तो गोल कातावाच लागतो. तसेच थंड ओढलेल्या गजात ताण कोंडलेला असतो. लांब तुकड्याच्या एकाच बाजूने खोल खाच घेतली की तो धनुष्यासारखा वाकतो. अशी खाच घ्यावयाची असेल तर आधी खरबडीत काप घेऊन गजाला एक रात्र मोकळे सोडावे, आणि मगच अखेरचा काप घ्यावा.

साठवणीबद्दल एक शब्द. ब्राइट गजाचा तजेला पावसाळ्याच्या एका आठवड्यात जातो, आणि कोकणात तर त्याहूनही लवकर; पैलूवर गंजाचे खड्डे पडले की ज्या नितळपणासाठी आपण अधिक पैसे मोजले तो गेलाच. गज आडवे, तीन ठिकाणी आधार देऊन, तेलाचे बोट फिरवून ठेवावेत.

आणि अखेरची विनंती तुकड्यांविषयी. चाळीस-पन्नास मिलिमीटरचे उरलेले तुकडे भंगाराच्या पोत्यात टाकू नका. त्यांच्या एका तोंडावर माप ठोका, जात ठाऊक असेल तर तीही रंगाने लिहा, आणि एका डब्यात जपून ठेवा. सतराच्या अशा चाळीस मिलिमीटर तुकड्याचे वजन ८० ग्रॅमही भरत नाही. पण गिअरपेटीचे बूच जाम झालेली मोटार एखाद्या संध्याकाळी दारात येऊन उभी राहील, तेव्हा गावातल्या कोणत्याही दुकानात नसलेली किल्ली त्या डब्यात असेल.